सूज आणि बाळसं

डिसेंबरच्या शेवटी माझा चार वर्षांचा नातू सोन्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईहून सांगलीला उतरला, तेव्हा स्टेशनवर घ्यायला आलेल्या आम्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. सहा आठवड्यांपूर्वी गेला तेव्हा गालफडं बसलेली, ओठ पांढरे, मान बापाच्या खांद्यावर टाकलेली. आता गाल टम्म, हनुवटीखाली वळी, पोट पुढं आलेलं. डोक्यावर केस नव्हते आणि तोंडाला मास्क होता, पण मास्कच्या दोन्ही बाजूंनी गाल बाहेर येत होते. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "बाळसं धरलंय की पोरानं! मुंबईचं पाणी मानवलं."

मी काही बोलले नाही. घरी आल्यावर त्याचा स्वेटर काढताना दंड माझ्या मुठीत आला आणि बोटांना कळायचं ते कळलं. मूठ मिटत होती.

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. दर महिन्याला पोरांचं वजन, उंची आणि दंडाचा घेर. त्या पट्टीवर तीन रंग असतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, त्यावर हिरवा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ती लावायची. डावा हात सैल सोडायला सांगायचं, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधोमध खूण करायची, पट्टी आवळायची नाही आणि ढिलीही सोडायची नाही. इतक्या वर्षांत किती दंड हातात आले याचा हिशोब नाही. पट्टी लावायच्या आधीच बोटं आकडा सांगू लागतात.

दुपारी तो झोपल्यावर मी पट्टी लावली. १३.९. सप्टेंबरमध्ये, आजाराचा कुणाला पत्ताही नव्हता तेव्हा, अंगणवाडीच्या रजिस्टरला त्याचा दंड १४.८ लिहिलेला होता. वजन तेव्हा १५.२ किलो होतं आणि आता १७.४. म्हणजे वजन दोन किलोंनी वाढलं होतं आणि दंड जवळजवळ एक सेंटिमीटरनं बारीक झाला होता.

सूज म्हणजे बाळसं नव्हे, असं आपल्याकडे जुनी माणसं म्हणायची. अंगणवाडीत हे आम्हाला शिकवलंही होतं. मूल गुबगुबीत दिसलं तरी दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा पडतो का पाहायचं. आपल्याच नातवाच्या बाबतीत तो अंगठा दाबायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

सुरुवात ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत झाली. द्राक्षबागेत सगळ्यांची धावपळ होती, आणि सोन्या मात्र पायरीवर बसून राहायचा. पाय दुखतात म्हणायचा. अधूनमधून ताप यायचा आणि दोन दिवसांत उतरायचा. नखं, ओठ, डोळ्यांची खालची पापणी, सगळं फिकट. मी इतकी वर्षं जे केलं तेच केलं. आशाताईंकडून लोहाच्या सिरपची बाटली आणली. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, आठवड्यातून दोनदा. नियम पाळून तीन आठवडे दिलं. सोबत बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे. त्याच्या चेहऱ्यावर लाली काही येईना. मग एके दिवशी आंघोळ घालताना सुनेला त्याच्या मांड्यांवर निळे डाग दिसले. कुठं पडल्याचं, लागल्याचं आठवेना. मिरजेत रक्त तपासलं आणि संध्याकाळी अहवाल आला. दुसऱ्याच रात्री माझा मुलगा, सून आणि सोन्या मुंबईच्या गाडीत बसले.

अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांत सगळ्यांत जास्त दिसणारा कॅन्सर हाच, आणि दोन ते पाच वर्षांच्या वयात तो अधिक आढळतो. हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं त्या मज्जेत कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि लाल पेशींना, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटना जागाच उरत नाही. त्या फिकटपणाला बीट आणि खजूर काय करणार? शरीराला लोह कमी पडलेलंच नव्हतं. रक्त तयार करायची जागाच दुसऱ्यांनी बळकावली होती.

माझ्यासारख्या सेविका आणि आशा हे वाचत असतील तर त्यांना मला हात जोडून सांगायचं आहे. सिरप सुरू करूनही मूल फिकटच राहतंय, त्यात वारंवार ताप, पाय किंवा पाठ दुखणं, कारणाशिवाय निळे डाग, मानेत किंवा जांघेत गाठी, यांतलं काहीही असेल तर आणखी एक बाटली देऊ नका. साधी रक्ततपासणी करायला पाठवा. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, तालुक्यालाही होते.

त्या सिरपचा काटा माझ्या मनातून बरेच दिवस निघाला नाही. पहिल्या महिन्यात मी आठ दिवसांसाठी मुंबईला गेले होते. तेव्हा वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरांना मी धीर करून विचारलं, माझ्या टॉनिकनं काही बिघडलं का? ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आजी, टॉनिकनं हा आजार होत नाही. पण आता इथून पुढं फॉलिक अ‍ॅसिडचं औषध आम्हाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. भाजीतून येतं तेवढं चालेल." आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती मी नंतर वाचूनही काढली.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या, गरीब गर्भवती बायकांना होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्कात असलेल्या कशानं तरी त्या बायका बऱ्या होतात, हे त्यांना दिसलं. ते काहीतरी म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. पुढं १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं. बोस्टनमधले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना हे जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तर आजार आणखी वेगानं पळू लागला. मग त्यांनी उलटा विचार केला. फॉलिक अ‍ॅसिडसारखं दिसणारं पण त्याची वाट अडवणारं औषध दिलं तर? अशी औषधं अमेरिकेत बनवत होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतल्या दहाजणांचा आजार काही काळापुरता मागे हटला होता. त्याआधी या आजारात हाती काहीच नव्हतं. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

त्याच औषधाचं पुढचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. सोन्याला आज दर आठवड्याला ज्या पिवळ्या गोळ्या मिळतात, त्या त्याच. गर्भवती बायकांना फॉलिक अ‍ॅसिडची गोळी खाल्ली का, असं मी तीन दशकं दारोदार विचारत फिरले. त्या गोळीचं मूळ मुंबईच्या गिरणी कामगार बायकांपाशी, आणि माझ्या नातवाच्या औषधाचं मूळही तिथंच. त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी बराच वेळ रडले. पण छातीवरचा दगड उतरला.

पहिला महिना स्टिरॉइडचा. या औषधानं मुलाला जी भूक लागते ती मी कधी पाहिली नव्हती, आणि मी उपाशी पोरंही पाहिली आहेत. रात्री दोन वाजता उठून तो भडंग मागायचा. जयसिंगपूरचं भडंग मुंबईत कुठून आणायचं? मग बटाट्याची भाजी, मग वरणभात, मग पुन्हा भडंग. दिलं नाही तर किंचाळायचा. आईला बोचकारायचा. दहा बाय दहाच्या खोलीत, शेजारी दुसऱ्या गावचं तसंच आजारी पोर झोपलेलं, आणि माझी सून रात्री दोनला पातेलं चढवतेय.

आम्हाला वाटलं, खातोय ना, मग लागू दे अंगाला. स्टिरॉइड अंगाला लावतं, पण चेहऱ्यावर, मानेवर, पोटावर. हातापायांचं मांस मात्र तेच औषध झिजवतं. शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, साखर वाढवतं, हाडं पोकळ करतं. शिवाय आजाराच्या सुरुवातीला यकृत आणि प्लीहा सुजलेली असते, तिचंही वजन काट्यावर येतंच. सलाइनचं येतं. म्हणून या मुलांच्या बाबतीत नुसत्या काट्यावर भिस्त ठेवता येत नाही. दंडात सलाइनही साठत नाही आणि प्लीहाही नसते. मांस आणि चरबी किती उरली आहे, ते दंड जवळजवळ खरं सांगतो. कॅन्सरच्या मुलांचं पोषण पाहणारे तज्ज्ञही दंडाचं माप घ्या म्हणतात, हे मला नंतर कळलं. गावच्या कुडाच्या अंगणवाडीत ज्या पट्टीनं मी कुपोषण मोजलं, तीच पट्टी इथंही चालत होती.

पण मुंबईच्या फाइलीत दंडाचा रकाना नव्हता. दर भेटीत वजन आणि उंची व्यवस्थित लिहिलेली असायची. मला वाटायचं, बघतायत बरं का लक्ष देऊन. नंतर उलगडा झाला. वजन-उंचीवरून शरीराचं क्षेत्रफळ काढतात आणि त्यावर औषधाची मात्रा ठरवतात. मोजमाप औषधासाठी होतं. पोराच्या पोटात काय जातंय, हे त्या गर्दीत विचारायला कुणाला सवडच नव्हती. त्यांच्या ओपीडीत उभं राहिलेल्या माणसाला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. पण तो रकाना असायला हवा होता, हे मी म्हणतच राहणार.

आणखी एक सांगते. पाठीच्या कण्यात इंजेक्शन द्यायचं असलं की मुलाला भूल देतात, म्हणून उपाशी ठेवायला सांगतात. आदल्या रात्री नऊनंतर काही द्यायचं नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. एका ठिकाणी नंबर दुपारी अडीचला लागला. सतरा-साडेसतरा तास चार वर्षांचं पोर पाण्यावाचून. तोंड सुकलेलं, आणि आई पदरानं डोळे पुसत त्याला मोबाइलवर ट्रॅक्टर दाखवतेय. पुढं दुसऱ्या एका भूलतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितलं की जेवण साधारण सहा तास आधी थांबवायचं असतं, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत देता येतं. आम्ही विचारलंच नव्हतं, आणि कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर नंबर किती वाजता लागेल आणि पाणी कधीपर्यंत चालेल, हे दोन प्रश्न नक्की विचारा.

जानेवारी संपता संपता बागेत माल उतरायला आला. आमची एकच एकर, पण घरातली सगळी वर्षभर त्या एकराकडे डोळे लावून बसलेली. सोन्याचा जन्म बागेतला म्हणायला हरकत नाही, वेलीखालीच तो रांगायला शिकला. त्या वर्षी त्याला द्राक्षं बंद होती. पांढऱ्या पेशी कमी असताना साल न काढता येणारी फळं कच्ची नकोत, असं सांगितलेलं. केळं चालेल, संत्रं चालेल, डाळिंब चालेल, जे हातानं सोलता येतं ते. अशा कडक पथ्यानं जंतुसंसर्ग खरंच कमी होतो असं दिसलेलं नाही, असं आता पुष्कळ डॉक्टर म्हणतात. ताजं, स्वच्छ धुतलेलं, नीट शिजवलेलं आणि लगेच वाढलेलं हवं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. पण द्राक्षाच्या घडात पाणी पोचत नाही अशा किती फटी असतात आणि त्यावर काय काय फवारलेलं असतं, हे आम्हाला वेगळं सांगायची गरज नव्हती. क्रेट भरून अंगणात यायचे आणि तो खिडकीत उभा राहून बघायचा. शेवटी माझ्या मुलानं क्रेट मागच्या दारानं न्यायला सुरुवात केली.

त्यातच मुंबईत मेथोट्रेक्सेटचे मोठे डोस सुरू झाले. तोंडात फोड आले. गालाच्या आतून, जिभेखाली, घशापर्यंत. थुंकीही गिळवेना. त्याआधीच्या दुसऱ्या एका औषधानं, व्हिन्क्रिस्टिननं, त्याचा जबडा दुखायचा आणि पोट साफ व्हायचं नाही, तेव्हाच भाकरी सुटली होती. आता वरणाचं पाणीही नको. सून फोनवर म्हणायची, "आत्या, काय पण खाईना झालाय. माझं काय चुकतंय?"

या प्रश्नानं मला फार त्रास होतो. अंगणवाडीत मी कितीजणींना विचारलं असेल, "बाई, पोराकडं लक्ष नाही का तुझं?" त्यांतल्या कितीजणींचं पोर आतून आजारी असेल, कितीजणींच्या डब्यात पीठ नसेल. तेव्हा मला ते विचारायचं सुचलं नाही. आज सुचतं.

त्या दिवसांत घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं आणि तोंडात एक सल्ला. आमच्याकडं हळदीची बाजारपेठ, त्यामुळं हळद तर सगळ्यांनीच आणली. कुणी गव्हांकुराचा रस, कुणी पपईच्या पानांचा. कुणाच्या मोबाइलवर मेसेज आलेला की साखरेनं कॅन्सर वाढतो, तर गूळ-दूध बंद करा. अंडं उष्ण, केळं थंड. सगळं ऐकलं असतं तर पोराच्या ताटात काही उरलंच नसतं. माणसं मायेनं सांगत होती, हे मी विसरत नाही. पण कच्चा रस म्हणजे जंतूंना उघडं दार. भाजीतली हळद ठीक. हळदीच्या गोळ्या-कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. आणि ज्या मुलाचं मांस झिजतंय त्याचं दूध-अंडं तोडणं म्हणजे त्याला जाणूनबुजून उपाशी ठेवणं.

मार्चमध्ये ताप आला आणि मिरजेत दाखल करावं लागलं. दंड १२.९. पट्टीवर अजून हिरवाच. रंग बघत बसले असते तर मी निर्धास्त झाले असते. पण १४.८ वरून १२.९ वर येणं म्हणजे काय, हे रजिस्टरच्या ओळी वाचणाऱ्या बाईला वेगळं कळतं. मी ते तीन आकडे चिठ्ठीवर लिहून तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंच्या हातात दिले. त्यांनी चिठ्ठी वाचली, सोन्याच्या पांघरुणातून हात बाहेर काढून स्वतः माप घेतलं आणि डॉक्टरांकडे गेल्या. संध्याकाळी दोघं आले आणि म्हणाले, नाकातून नळी घालू या.

नळी म्हटल्याबरोबर माझ्या मुलानं मान फिरवली. आमच्याकडं नाकात नळी म्हणजे माणूस शेवटाला लागला. माझ्या सासऱ्यांना घातली होती, चौथ्या दिवशी ते गेले. हे आम्ही कुणी बोललो नाही, पण खोलीत तेच होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी ते ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "त्याचं पोट चांगलं आहे, आतडी चांगली आहेत. रस्ता तेवढा तोंडाशी बंद आहे. आपण शेजारून वाट काढतोय."

बारा दिवस नळी होती. आधी प्लेटलेट तपासल्या, मग घातली. दर तीन तासांनी सिरिंजनं पातळ दूधपावडरीचं मिश्रण, त्यांनी लिहून दिलेल्या मापानं. पहिले दोन दिवस अगदी थोडं, कारण बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात. कुपोषित बाळांनाही हळूहळूच वाढवत नेतात, तेच तत्त्व. पाचव्या दिवशी सोन्यानं डोळे उघडून बापाला विचारलं, गाय व्याली का? त्या प्रश्नानं घरात जेवण शिजलं. तोपर्यंत आम्ही सगळी चहावरच होतो.

नळी निघाल्यावर पहिला घास माडग्याचा. हुलगे भाजून दळलेलं पीठ, गूळ, थोडं तूप, पातळसर शिजवलेलं. माझ्या आईच्या हातचा पदार्थ, दुष्काळी भागातल्या प्रत्येक घरातला. कोमट असताना चमच्यानं दिलं आणि घशात टोचलं नाही. मग खपली गव्हाची खीर मऊ शिजवून, वरणात अंड्याचा पिवळा बलक कालवून, नाचणीच्या आंबिलीत दूधपावडर. आहारतज्ज्ञ बाईंनी शिकवलेली गोष्ट एकच होती: वाटी मोठी करू नको, वाटीतलं अन्न जड कर. चार घास खाणाऱ्या मुलाच्या त्या चार घासांत शेंगदाण्याचं कूट, तूप, अंडं काय घालता येईल ते घाल, आणि दर दोन तासांनी दे. माझ्या सुनेला त्या बाईंनी एकदाही "खात कसं नाही" असं विचारलं नाही. काय खाल्लं, एवढंच विचारलं. त्या दिवसापासून सुनेनं वही ठेवायला सुरुवात केली.

मोठी नात, आमची ताई, आठ वर्षांची. तिच्याबद्दल लिहायलाच हवं. आई-बाप मुंबईला, मिरजेला, आणि ती माझ्याजवळ. शाळेत जायची, अभ्यास करायची, कुणाला त्रास नाही. एप्रिलमध्ये तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. मी विचारलं तर म्हणाली, "आज्जी, अंडी सोन्याला लागतात ना?" ती डब्यातलं अंडं परत आणून फडताळात ठेवत होती. घरात दोन मुलं असताना माझं सगळं लक्ष एकाच्या दंडावर होतं. महात्मा फुले योजनेतून औषधं झाली, त्याबद्दल आम्ही शासनाचे मनापासून ऋणी आहोत. पण योजनेत अंडं बसत नाही, दूध बसत नाही, मुंबईतली खोली आणि गॅस बसत नाही, बापाचा बुडालेला रोज बसत नाही. हे सगळं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून येतं, आणि ते ताट बहुतेक वेळा आईचं किंवा मोठ्या बहिणीचं असतं. सुनेचं वजन त्या वर्षात नऊ किलोंनी उतरलं. तिचा दंड कुणी मोजला? मीही नाही.

मुंबईत अशा कुटुंबांना विनामूल्य राहायला जागा देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स आहेत, आणि कडल्स फाउंडेशन तर कॅन्सरग्रस्त मुलांच्या आहारासाठीच काम करतं. आम्हाला हे उशिरा कळलं. पैसा आणि प्रवास यांपायी कितीतरी कुटुंबं उपचार अर्ध्यावर सोडतात. श्रीमंत देशांत या आजाराची दहापैकी जवळपास नऊ मुलं वाचतात, गरीब देशांत त्याहून कितीतरी कमी. औषधं तर बहुतेक तीच आहेत. कुपोषित मुलाला जंतुसंसर्ग अधिक होतो, औषध सोसत नाही, डोस पुढं ढकलावे लागतात, आणि पुढं ढकललेल्या प्रत्येक डोसात आजाराला उसंत मिळते. म्हणून माडग्याची वाटी ही माझ्या लेखी त्या पिवळ्या गोळ्यांच्याच ओळीत बसते. डॉक्टरांनीही ती त्याच कागदावर लिहावी, एवढंच माझं मागणं आहे.

जूनमध्ये पुन्हा स्टिरॉइड आलं. पुन्हा गाल, पुन्हा रात्री दोनचं भडंग. यावेळी घर तयार होतं. मीठ कमी घातलेलं भडंग सुनेनं आधीच करून ठेवलेलं, सोबत उकडलेलं अंडं, मुगाचं धिरडं. जावेनं पुन्हा बाळसं म्हटल्यावर ताईच म्हणाली, "छोटी आज्जी, ही सूज आहे. बाळसं दंडावर बघायचं असतं." रोज संध्याकाळी त्याला अंगणात चालवायचं, उन्हात बसवायचं. मांस खाण्यानं येतं तसं हालचालीनंही येतं. आणि आम्हाला दुसऱ्या टोकाचीही धास्ती आहे, कारण या उपचारांतून बाहेर पडलेली पुष्कळ मुलं पुढं लठ्ठ होतात. म्हणून लाडानं बिस्किटांचे पुडे देणाऱ्यांना मी दारातच थांबवते. काहींना राग येतो. येऊ दे.

ऑगस्टमध्ये तो पाच वर्षांचा झाला आणि पट्टीच्या रंगांमधून बाहेर पडला. आता नुसता आकडा. त्याच महिन्यात उपचारांचा लांबचा, सौम्य टप्पा सुरू झाला: रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, रात्रीची गोळी दुधासोबत नको. आमच्या घरात झोपताना पेलाभर दूध हा पिढ्यांचा नेम, तो त्यांनी मोडायला लावला. मग दूध संध्याकाळी पाचला आलं, धार काढून झाल्यावर, खळखळून उकळलेलं. आता पाच वाजले की तोच पेला घेऊन गोठ्याच्या दारात उभा असतो. उपचार संपायला अजून वर्षाहून जास्त काळ आहे. पुढचं मी बोलत नाही.

गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो. नवे डॉक्टर होते, मुलाच्या वयाचे. सुनेनं सवयीनं फाइलीबरोबर वही पुढं केली. शंभर पानी, कोपरे दुमडलेली. तारीख, काय खाल्लं, शौचाला झालं का, तोंडात फोड आहेत का, आणि शेवटी पट्टी धरून आखलेला एक रकाना: दंड. डॉक्टर पानं उलटत राहिले. १३.९, १२.९, १३.२, १३.८. बाहेर रांग होती तरी उलटत राहिले. मग म्हणाले, "पट्टी आहे का?" मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी मधोमध खूण केली, हात सैल सोडायला सांगितला. १५.६. तो आकडा त्यांनी फाइलीत लिहिला, वजन आणि उंचीच्या शेजारी, समासात. आणि रक्ताचा अहवाल पाहून म्हणाले, नीट धुऊन द्राक्षं द्यायला हरकत नाही.

कडेच्या वेलीचे चार घड माझ्या मुलानं कुणाला न सांगता फवारणीतून वगळून ठेवले होते. घरी येताच सुनेनं एक घड सोडवला, एकेक मणी देठापासून वेगळा करून उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा धुतला, सुरीनं उभा चिरला. सोन्या पाटावर बसला, ताई शेजारी. दोघांच्या पुढं एकेक वाटी. तो खाताना कुणी काही बोललं नाही. मग सुनेनं पदराला हात पुसले, वही उघडली आणि लिहिलं: दुपारी ४, द्राक्षं ११.